वीतभर अंतराचं प्रमाणपत्र

फोंडा तालुक्यातून एका २८ वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला आहे. कंपनीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गळ्यात घालायचं लॉकेट तयार केलंय. बटण दाबलं की आखातात किंवा लंडनला असलेल्या मुलाला आणि इथल्या शेजाऱ्याला फोन लागतो. एरवी दर दहा मिनिटांनी लॉकेट आपला ठावठिकाणा सर्व्हरला कळवतं. आत बाहेरून विकत घेतलेलं ४जी मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा तयार सुटा भाग) आणि ब्लूटूथ आहे. माल चवथीआधी दुकानात हवा, म्हणून मालकांनी तिच्यापुढे एक घोषणापत्र ठेवलंय: हे उपकरण माणसाच्या शरीरासाठी ठरवलेल्या रेडिओलहरींच्या मर्यादा पाळतं. सही तिने करायची. मालकांचं म्हणणं, ‘मॉड्यूलला सर्टिफिकेट आहे, मग आपल्याला वेगळी टेस्ट कशाला?’ मॉड्यूलच्या माहितीपुस्तिकेत मात्र तिला एक ओळ सापडलीय: अँटेना शरीरापासून किमान २० सेंटिमीटर दूर असावा. इकडे घरी तिची आजी चार महिने तेच लॉकेट घालून फिरतेय, आणि वडील रोज म्हणतात, ‘ते रेडिएशनचं डबडं काढ आधी तिच्या गळ्यातलं.’ ती विचारते: सही करू की राजीनामा देऊ? आणि आजीचं लॉकेट काढू का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा कामावरच्या सचोटीचा प्रश्न आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या २० सेंटिमीटरच्या ओळीपाशी थांबलो. सगळं तिथेच अडलंय, आणि ती ओळ तुम्हीच शोधली आहे. म्हणजे तुमच्या कंपनीत माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारं एक तरी माणूस आहे.

२० सेंटिमीटर म्हणजे साधारण एक वीत. अमेरिकेच्या नियमांत वापरताना शरीरापासून एवढं किंवा जास्त अंतर राहणारी उपकरणं एका वर्गात आणि त्याहून जवळ येणारी दुसऱ्या वर्गात मोडतात. पहिल्या वर्गासाठी बहुतेक वेळा गणित करून भागतं. दुसऱ्या वर्गात मात्र शरीर किती ऊर्जा शोषतं हे दाखवावं लागतं. मॉड्यूल बनवणारी कंपनी साहजिकच सोपा रस्ता धरते: वीतभर अंतर गृहीत धरून मान्यता घेते आणि ती अट पुस्तिकेत लिहून मोकळी होते. त्यात लबाडी काही नाही. तेच मॉड्यूल पाण्याच्या मीटरमध्ये किंवा भिंतीवरच्या डब्यात बसवलं तर प्रमाणपत्र चालेल. तुम्ही ते आजीच्या छातीवर टेकवलंत. प्रमाणपत्र खरं आहे, पण ते ज्या जागेसाठी दिलं होतं तिथून तुमचं लॉकेट कधीच निघून आलंय.

आता शोषणाचं माप. त्याला एसएआर (स्पेसिफिक अ‍ॅब्सॉर्प्शन रेट) म्हणतात, मी अशा चाचण्या करायचो त्या प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘सार’ म्हणायचे. (आमसुलाचं नव्हे. पण तुलना अगदीच चुकीची नाही, कारण चाचणीत डोक्याच्या किंवा धडाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या भांड्यात जे द्रव ओततात, त्यात काही वारंवारतांसाठी पाणी, मीठ आणि साखरच असते.) भांड्याच्या खालून उपकरण चिकटवतात. वरून यंत्रमानवाचा हात एक बारीक प्रोब द्रवात बुडवतो आणि एकेका बिंदूवरचं विद्युतक्षेत्र मोजत पुढे सरकतो. आधी ढोबळ फेरी. मग जिथे आकडा सर्वांत मोठा येतो, तिथे बारीक घनाकृती जाळी. खोलीचं आणि द्रवाचं तापमान सांभाळावं लागतं, द्रव किमान १५ सेंटिमीटर खोल असावं लागतं. बघायला बसलं तर जांभया येतात, इतकं संथ काम. शेवटी एक आकडा मिळतो: किलोमागे किती वॅट.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल हँडसेटसाठी ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे, आणि ती एक ग्रॅम ऊतकावरच्या सरासरीने मोजायची. त्याआधी आपण २ वॅट, १० ग्रॅमवरच्या सरासरीने, असं धरत होतो. युरोप डोकं आणि धड यांच्यासाठी अजून तेच धरतो. १.६ आणि २ हे आकडे शेजारीशेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो, पण खरा फरक ग्रॅमात आहे. लॉकेटमधून निघालेली सगळीच्या सगळी शक्ती एकाच ग्रॅममध्ये शिरली असं धरा. प्रत्यक्षात असं होत नाही, पण याहून वाईट काही होऊच शकत नाही. मग सरासरी शक्ती १.६ मिलिवॅटच्या खाली असेल तर मर्यादा ओलांडणं अशक्य. युरोपच्या मापाने हेच गणित २० मिलिवॅटवर येतं, आणि तिथल्या कमी शक्तीच्या उपकरणांसाठीच्या मानकात तो आकडा वापरलाही जातो.

तुमच्या मॉड्यूलची कमाल शक्ती २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट, असं तुम्ही लिहिलंय. ठावठिकाणा कळवायला पाच सेकंद लागतात, दर दहा मिनिटांनी. तुमचे मालक म्हणतील, पाच सेकंदांचं काय घेऊन बसलात? करून बघू. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये शरीराच्या एका भागावरची सरासरी सहा मिनिटांची धरतात. ३६० सेकंदांत पाच सेकंद २०० मिलिवॅट, म्हणजे सरासरी २.८ मिलिवॅट. युरोपच्या गणिताने निवांत पास, आपल्या एक ग्रॅमच्या गणिताने थोडक्यात बाहेर. बाहेर म्हणजे नापास असा अर्थ लावू नका. गणिताने सुटका होत नाही, मोजावं लागेल, एवढाच अर्थ.

पण ते पाच सेकंद तुम्ही कुठे मोजले? वेर्ण्याच्या ऑफिसात, टॉवर खिडकीतून दिसतो तिथे. आजीचं घर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत आहे, तीन बाजूंनी डोंगर, मोबाइलची एक कांडी आली तर नशीब, असं तुमच्याच पत्रात आहे. तिथे लॉकेटला पुनःपुन्हा हाक मारावी लागते, आणि तीही पूर्ण आवाजात. पाचाचे चाळीस सेकंद झाले तर सरासरी २२ मिलिवॅट. म्हणजे युरोपचं गणितही हातून गेलं. वाड्यावर टॉवर नको म्हणून सह्या गोळा करणारी मंडळी ही बाजू सहसा लक्षात घेत नाहीत. टॉवर लांब गेला की खिशातला फोन जास्त जोराने बोलतो. आपल्याकडे टॉवरची मर्यादाही १ सप्टेंबर २०१२ पासूनच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलेली आहे. असो, तो विषय वेगळा.

शिवाय बोलण्याचं काय? बटण दाबून आजी दुबईच्या काकांशी बोलते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘कधी कधी अर्धा तास’. तुम्ही लॉकेट बनवलंत संकटासाठी, आजीने त्याचा फोन केला. तिचं काही चुकलं नाही. पण त्यामुळे ‘दहा मिनिटांतून पाच सेकंद’ हा आधारच निसटतो. वेळेच्या सरासरीचा फायदा घ्यायचा तर उपकरणाने स्वतःहून ती सरासरी ओलांडता कामा नये, म्हणजे तसं फर्मवेअरमध्येच (उपकरणाच्या आतल्या प्रोग्राममध्ये) बांधलेलं हवं. माणूस कमी वापरेल या भरवशावर ती सूट मागता येत नाही.

मालकांबद्दल. पत्रात तुम्ही त्यांना एकदा ‘देवमाणूस’ म्हटलंय आणि पुढच्याच परिच्छेदात ‘फसवतायत’. मला दोन्ही पटत नाही. ब्लूटूथसाठी डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी मान्यता) त्यांनी पोर्टलवरून स्वतः मिळवली, मॉड्यूलची कागदपत्रं फाइलला लावली. त्यांना खरंच वाटत असणार की काम झालं. पण ईटीएचा संबंध उपकरण कोणत्या पट्ट्यात आणि किती शक्तीने बोलतं याच्याशी असतो. ते कुणाच्या छातीवर टेकलंय याचं उत्तर त्या कागदात मिळत नाही. हे त्यांना कुणी समजावून सांगितलंय का? तुम्ही त्यांच्याकडे ‘सर, मला सही करायला भीती वाटते’ असं म्हणत गेलात. भीतीला माणूस धीर देतो, आणि त्यांनी तोच दिला. आता पुस्तिकेचं ते पान घेऊन जा.

मीही एकदा अशी सही केली आहे. गोदामात बारकोड वाचायचं वायफायचं यंत्र होतं, टेबलावर ठेवून वापरायचं, असं ग्राहकाने लिहून दिलं होतं. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी त्या गोदामात गेलो तर पोरं ते यंत्र कमरेच्या पट्ट्यात खोचून फिरत होती, अँटेना आतल्या बाजूला, बरोबर पोटावर. हात मोकळे हवेत म्हणून. परत येऊन मोजलं, आकडा मर्यादेत आला. कुणाला काही झालं नाही. पण सही केली तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर कुठलंही यंत्र आलं की मी आधी विचारायचो, ‘हे दुपारी जेवताना कुठे ठेवता?’

आयफोन १२ ची गोष्ट कदाचित तुमच्या कानावर असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या वारंवारता नियामक संस्थेने त्याची विक्री थांबवली. धडापासून ५ मिलिमीटर अंतर ठेवून घेतलेल्या चाचणीत फोन पास होता. हातात किंवा खिशात, थेट शरीराला लागून असल्याच्या चाचणीत आकडा ५.७४ आला, हातापायांसाठीची मर्यादा ४ ची. कंपनीने आधी हे मान्य केलं नाही, पण फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर सुधारून दिलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली. तुमच्या मालकांना ही गोष्ट जरूर सांगा. एवढी मोठी कंपनीही ५ मिलिमीटरच्या फरकात अडकली, आणि सुटली ती यंत्र न बदलता. त्यांना यातला दुसरा भाग जास्त आवडेल.

आता घोषणापत्र. सही किंवा राजीनामा, असे दोनच रस्ते तुम्हाला का दिसतायत? तिसरा कागद तुम्ही स्वतः लिहू शकता. ईमेल करा, लांबलचक नको, आणि त्यात कुणावर आरोप नको. साधारण असं: ‘मॉड्यूलची मान्यता शरीरापासून २० सेंटिमीटर अंतरासाठी आहे. आपलं लॉकेट शरीराला लागून वापरलं जातं. या स्थितीतलं एसएआर मोजलेलं नाही. ते मोजल्याशिवाय घोषणापत्रातलं विधान करण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. प्रयोगशाळेकडून सपाट भांड्यावर, शून्य अंतरावर, दोन्ही बाजूंनी आणि सोबतच्या साखळीसकट प्राथमिक मोजणी करून घ्यावी असं सुचवते.’ यात ‘मी सही करणार नाही’ असं कुठेही नाही. सही करायला काय लागेल ते आहे. मालकाला नकारापेक्षा यादी बरी वाटते, हा माझा अनुभव. लॉकेट नियमांच्या कोणत्या वर्गात बसतं, हेही प्रयोगशाळेकडून लेखी मागवा. फोनवर कुणीतरी ‘चालतं हो’ म्हणालं, ते धरू नका.

आणि यादीत फक्त चाचणी नको, उपायही घाला. अँटेना आज मागच्या बाजूला आहे, तो पुढच्या पृष्ठाकडे न्या. डबी चार-पाच मिलिमीटर जाड झाली तरी शरीराजवळच्या आकड्यात चांगला फरक पडतो, कारण इतक्या जवळ प्रत्येक मिलिमीटर मोजला जातो. आजी बाल्कांवात बसून आहे, हललीच नाही, तर दर दहा मिनिटांनी तेच तेच कळवायची गरज काय? हालचालीचा सेन्सर आत आहेच. संपर्क झाला नाही तर प्रयत्न किती सेकंदांनी थांबवायचा, ती मर्यादा फर्मवेअरमध्ये घाला. मात्र संकटाच्या कॉलची शक्ती कमी करू नका. तिथे फोन लागणं महत्त्वाचं.

एक सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल: लॉकेटचं मनगटी घड्याळ करा, हातापायांसाठी मर्यादा सैल असते. अमेरिकेत आणि युरोपात ती ४ वॅट, १० ग्रॅमवर आहे, हे खरं. पण म्हाताऱ्या बायका मनगट गालाखाली घेऊन झोपतात. कागदावर ते मनगट, रात्रभर ते डोकं. मी तरी हा रस्ता केवळ आकडा जमवायला म्हणून घेणार नाही.

वडिलांना काय सांगायचं? त्यांची चेष्टा करू नका, एवढं आधी. ‘रेडिएशन’ या एका शब्दात त्यांच्या डोक्यात एक्स-रे आणि मोबाइल एकत्र झालेत, तसे ते निम्म्या गोव्याच्या डोक्यात आहेत. एक्स-रे अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवू शकतात, रेडिओलहरींत तेवढी ताकद नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम उष्णतेचा आहे, आणि मर्यादा त्यावरूनच बेतल्या आहेत. सबंध शरीरात किलोमागे ४ वॅट शोषले गेले तर तापमान अंशभराने चढू शकतं. सामान्य माणसासाठी सबंध शरीराची आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यावर, ०.०८ वर ठेवली आहे. दुसऱ्या बाजूने, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, हेही त्यांच्यापासून लपवू नका. ‘कदाचित’ म्हणजे पुरावा मर्यादित, पण शंका पुसून टाकता आली नाही. मर्यादा ओलांडली म्हणजे माणूस लगेच आजारी पडतो असं नाही. मर्यादेत असेलच असं धरून न मोजता सोडावं असंही नाही.

मग आजी. इथे मात्र मी तुम्हाला थोडं टोकणार आहे. सही करायला तुम्हाला भीती वाटते, पण चार महिने तेच न मोजलेलं लॉकेट आजीच्या गळ्यात घातलंत तेव्हा वाटली नाही. प्रयोगशाळेत आम्ही साखर-मिठाच्या पाण्यावर चाचणी करायचो, तुम्ही आजीवर केलीत. तिला विचारलं होतं का? ‘आजी, हे अजून पुरतं तपासलेलं नाही, घालशील का?’ असं? पत्रावरून तरी दिसत नाही. वडील काढ म्हणतात, तुम्ही मला विचारता, आणि जिच्या गळ्यात आहे तिचं म्हणणं चार पानांत एका ओळीनेही नाही.

तिला विचाराल तेव्हा आधी एक गोष्ट तपासा: तिला पेसमेकर आहे का? तुम्ही हृदयाच्या औषधांचा उल्लेख केलाय म्हणून विचारतो. एसएआरशी याचा संबंध नाही. आकडा कितीही कमी असला तरी पेसमेकरपासून मोबाइलसारखं उपकरण साधारण १५ सेंटिमीटर दूर ठेवायला सांगतात, आणि लॉकेट नेमकं तिथेच लोंबतं. तुमच्या चार्जरला चुंबकाची पकड आहे, म्हणजे लॉकेटच्या पाठीतही चुंबक असेल. जवळ आलेल्या चुंबकाने पेसमेकर वेगळ्या पद्धतीने चालू लागू शकतो. पेसमेकर असेल तर लॉकेट आजच काढा आणि तिच्या डॉक्टरांशी बोला. घोषणापत्राची वाट बघू नका. आणि विक्रीच्या खोक्यावर ही सूचना मोठ्या मराठी अक्षरांत छापून घ्या, ‘इतर माहिती’च्या ढिगात नको.

पेसमेकर नसेल तर मी लॉकेट काढणार नाही. ८१ वर्षांची बाई, पावसात शेवाळलेलं अंगण, न्हाणीघर मागच्या पडवीला, आणि हाकेच्या अंतरावर घर नाही. यात मला पडण्याची भीती जास्त वाटते. मोजणी होईपर्यंत फार तर ते ब्लाऊजच्या आत न घालता वर राहू द्या, सोन्याच्या चेनपासून वेगळं, कारण अँटेनाजवळचा धातू सगळंच गणित बदलतो. रात्री उशाशी, हात पोचेल असं. आणि काकांशी गप्पा साध्या फोनवर, स्पीकर लावून.

हे वाचून आईवडिलांसाठी असं काही विकत घ्यायला निघालेल्यांना: दुकानात ‘सर्टिफिकेट आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्यापेक्षा ‘हे शरीराला लागून तपासलंय की अंतर ठेवून?’ असं विचारा, आणि पुस्तिकेत मिलिमीटर किंवा सेंटिमीटर शोधा. तुमच्या फोनच्या पुस्तिकेतही ते असतं. बऱ्याच फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं तर त्याचा एसएआर आकडा पडद्यावर येतो.

तुम्ही ईमेल पाठवण्याआधी एक काम करा. लॉकेटच्या फर्मवेअरमध्ये चार ओळी घाला: प्रत्येक वेळी मॉड्यूल किती सेकंद आणि किती शक्तीने बोललं याची नोंद. आजीच्या घरी तीन दिवस ठेवा, आणि त्यात एक तरी रात्र अशी येऊ द्या की वीज गेलीय, पाऊस कोसळतोय आणि टॉवरची बॅटरीही संपत आलीय. तुमच्या भागात त्यासाठी फार थांबावं लागणार नाही. तो तक्ता ईमेलला जोडा. आणि आजी काय म्हणाली, ते मला कळवा.